कोरड्या पायऱ्या

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या भावाला शेवटचं पोचवून आलो, त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून सगळ्यांदेखत मला म्हणालात, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." चौदा महिने मी ते पाळलं. पण अक्षर दाखवू नकोस असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून लिहिते आहे.

बातमी अशी, की सरकारच्या कर खात्याला तुमच्या भावाची आठवण झाली आहे. चांगलं जाड पाकीट, वर ह्यांचं पूर्ण नाव, खाली शिक्का. आत लिहिलंय की आपण पाणी कंपनीच्या घरात बिनभाड्यानं राहत आहात, या सवलतीवरचा कर का भरला नाहीत याचा खुलासा स्वतः हजर राहून करावा. स्वतः हजर राहून! अहो, जिवंतपणी साहेबांनी तीनदा निरोप धाडला तरी जो माणूस हेड ऑफिसची पायरी चढला नाही, तो आता बरा जाईल. मी एकटीच खूप हसले. मग दुसरं पान उलटलं, त्यावर आकडा होता. त्यातली शून्यं मी दोनदा मोजली आणि हसू थांबलं.

आमच्या ऑफिसातला कारकून तुम्हाला आठवतो का? रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर नदीची पातळी उतरवून घेतो आणि काहीही सांगितलं तरी "बरं, बरं" म्हणतो, तो. आम्ही त्याला बरंबरं म्हणायचो, अजून म्हणते. तो सायकल हाणत आला आणि त्यानं मला सगळं फोड करून सांगितलं. नोकरीसाठी ज्या घरात राहावंच लागतं त्या घरावर कर नाही. कंपनी आपल्या खुशीनं जे घर देते ते मात्र पगारासारखंच धरतात आणि त्यावर कर लागतो. तुमचा भाऊ नदीतली पाणी मोजायची पट्टी वाचायचा, म्हणून तो होता तोवर हे घर पहिल्या जातीचं. तो गेला आणि कंपनीनं कागदावर लिहिलं, "दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीस सहानुभूतीने." झालं. त्याच भिंती, तेच गळकं छप्पर, पण एका रात्रीत दुसऱ्या जातीचं झालं. शिवाय कंपनीच्या यादीत त्याचं वर्णन आहे "नदीकाठचे स्वतंत्र निवासस्थान", त्यामुळे खात्यानं बंगल्याचा भाव लावलाय. आयुष्यभर नदीची पट्टी वाचली, आता घराची पट्टी आली, असं मी म्हटलं तर बरंबरं म्हणाला, "वहिनी, घरपट्टी वेगळी." त्याला विनोद कळत नाही, पण माणूस चांगला आहे.

कंपनीचंही पत्र आलंय. एकतीस मार्चपर्यंत कर भरा, नाहीतर किल्ल्या द्या. मला हे घर सोडायचं नाही, वन्सं. चौतीस वर्षं राहिले इथे. सोडून जाऊ कुठे? एक दार होतं, ते तुमचं.

म्हणून कामाचं बोलते. ह्यांचं नोकरीचं पहिलं पत्र तुमच्याकडे आहे. तुम्ही चौकट करून भिंतीवर लावलं होतंत ते. बरंबरं म्हणतो, त्यात इथे राहण्याची अट लिहिलेली असणार आणि कंपनीची प्रत वाळवीनं खाल्ली. तेवढं काढून पाठवाल का? माझ्यासाठी नको, तुमच्या भावाचं नाव कर चुकवणारा म्हणून कागदावर राहू नये यासाठी.

सकाळचं सहाचं काम उरकून लिहायला बसले होते, आठ वाजले. पाणी तापत ठेवलंय, ते बघते.

तुमची (अजूनही) वहिनी


१९ फेब्रुवारी

वन्सं,

चौकट पोचली. जुन्या रजईत गुंडाळून, सुतळीचे सात फेरे मारून पाठवलीत, त्यामुळे काचेला तडासुद्धा नाही. सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी रजई तीनदा झटकली. चिठ्ठी नव्हती, खिळा मात्र होता. भिंतीतला खिळासुद्धा उपटून पाठवायचा, हा राग फक्त तुम्हालाच जमतो. मी तो जपून ठेवलाय.

पत्रात अट आहे. "कर्मचाऱ्याने पट्टीलगतच्या घरातच वास्तव्य करणे बंधनकारक आहे, जेणेकरून सकाळी सहा व संध्याकाळी सहा या वेळी पातळीची नोंद चुकणार नाही." बरंबरंनं ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा पुसला. मग मी चौकट उलटी केली, तर मागे पुठ्ठ्यावर तुमचं अक्षर. तारीख, आणि खाली, "माझा भाऊ नोकरीला लागला." त्यापुढे मला काही दिसेना. धूळ फार होती हो पुठ्ठ्यावर.

आता अडचण ऐका. ह्या पत्रानं ते होते तोवरचं भागलं. पण नोटीस ते गेल्यानंतरची आहे. बरंबरं विचारत होता, "वहिनी, आता पट्टी कोण वाचतं असं त्यांनी विचारलं तर?"

कोण वाचणार? मीच वाचते. पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नदी काही थांबली नव्हती. सहा वाजले, फोन समोर होता, पलीकडे पंप चालवणारी माणसं वाट बघत असणार. मी नदीच्या पायऱ्या उतरले, पट्टी बघितली, वर येऊन फोन केला. बरंबरंनं आकडा उतरवून घेतला आणि म्हणाला, "बरं, बरं." संध्याकाळी पुन्हा. त्यानंतर कोणी मला थांब म्हणालं नाही आणि कोणी कर असंही म्हणालं नाही. आकडा येतोय म्हणून कंपनीनं नवा माणूस नेमलाच नाही.

आत्ता तुमच्या मनात काय आलं ते मला इथे ऐकू येतंय. "आता बरी उतरतेस. तेव्हा उतरली असतीस तर झिजली असतीस का?" तेच म्हणाला होतात ना त्या दिवशी? रोज दोन वेळा एकेचाळीस पायऱ्या चढवून-उतरवून मी तुमच्या भावाचं काळीज थकवलं, आणि स्वतः वरती बसून चहा प्यायले. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आजही देत नाही. पण तुम्ही ते बोललात म्हणून मी रागावलेली नाही, एवढं लिहून ठेवते.

कर खात्याच्या बाई पुढच्या महिन्यात घर बघायला येणार आहेत. मी पडवी सारवल्यासारखी लख्ख धुतली आहे, मग बंगला वाटायला नको म्हणून पुन्हा दोन फुटक्या बादल्या आणून ठेवल्या.

तुमची वहिनी


६ मार्च

वन्सं,

करवाल्या बाई येऊन गेल्या. आपल्या छकुलीच्या वयाच्या असतील. तुमच्या मुलीसारख्याच भराभरा चालतात आणि चालताना लिहितात. नवे बूट घालून, नकाशा हातात धरून दारात उभ्या राहिल्या आणि मला विचारतात, "बंगला कुठे आहे?"

मी म्हटलं, "त्याच्याच पायरीवर उभ्या आहात."

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग फाइल बघितली. बिचाऱ्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. दोन खोल्या दाखवल्या. दुसऱ्या खोलीत कोपऱ्यातल्या बेडकानं नेमकं दर्शन दिलं. बाई म्हणाल्या, "हा इथे असतो?" म्हटलं, "त्याच्याकडूनही कर घ्या, तो माझ्याही आधीपासून राहतो." तेव्हा त्या हसल्या. हसल्यावर माणूस कसं सोपं होतं. चहा घेतला, दुसरा कपही घेतला, आणि पायऱ्या बघायच्या म्हणाल्या.

पाण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उतरलो. पाणी सध्या खाली आहे. पट्टीचं पांढरं काम, काळ्या रेघा, सगळं त्यांनी निरखून बघितलं. बाजूची साखळी इतकी गुळगुळीत कशी झाली असंही विचारलं. मी काहीतरी बोलले. वर येताना त्यांना धाप लागली, मला लागली नाही. तेही त्यांनी बघितलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग नोंदवही मागितली.

"ही कोण लिहितं?"

"मी."

"कधीपासून?"

"हे गेल्यापासून."

त्यांनी पानं मागे उलटली. चौदा महिने मागे, मग दोन वर्षं, मग पाच. "अक्षर तर तेच आहे."

"ते सांगायचे, मी लिहायचे."

"आणि खाली कोण उतरायचं?"

मी चहाचं बघून येते म्हणाले. तिसरा चहा, वन्सं. घरात दूधसुद्धा उरलं नव्हतं.

परत आले तर बरंबरं आलेला. त्याच्या सायकलला मागे आमची ऑफिसात जमा केलेली जुनी वही बांधलेली. तो माणूस या वहीबद्दल कधी आपणहून बोलला नाही, आणि आज आला तो थेट बाईंसमोर वही उघडूनच बसला. सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. माझ्या नीटनेटक्या ओळींच्या मध्ये सहा ओळी भलत्याच अक्षरात. मोठी मोठी अक्षरं, रेघ सोडून वर चढलेली, एक ओळ दुसरीच्या अंगावर गेलेली. आणि फूट-इंच नाहीतच. "कोरड्या पायऱ्या सतरा." "कोरड्या पायऱ्या सोळा." असं करत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, "कोरड्या पायऱ्या बारा."

बाईंनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. पेन दाबून लिहिल्यामुळे कागद मागून उठला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरंबरंकडे बघितलं. मग त्यांनी फाइल मिटली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हे काम या घरातून, या घरात राहणाऱ्या माणसानं खंड न पडता केलं असेल, तर घर कामासाठीच आहे, मग कर लागत नाही. पण केलं कोणी, ते मला तुमच्या सहीनं लेखी लागेल. आणि ते कागद कंपनीकडे जातील."

"ते कागद कोण कोण बघतं?"

"मागेल तो."

मी आठ दिवस मागून घेतले. त्यांना वाटलं, कंपनीची भीती वाटते म्हणून. कंपनीला कोण विचारतो! ते आठ दिवस तुमच्यासाठी मागितलेत, वन्सं. तुम्ही तो सप्टेंबर ओळखलात का? महिना बघा, तारखा बघा. छकुलीचं लग्न.

बाकीचं उद्या लिहिते. सहा वाजत आलेत, उतरायला हवं.


७ मार्च

वन्सं,

मी तुमच्या भावाला शब्द दिला होता की ताईला कळू देणार नाही. तो होता तोवर नऊ वर्षं पाळला आणि गेल्यावरही पाळला. आता मोडते आहे. त्यांना वर कळलं तर रागावतील, पण मी गेले की आमचं आम्ही बघून घेऊ.

ह्यांना दिसत नव्हतं.

तुमच्या बाबांचं झालं तसंच. आधी कडा गेल्या, मग संध्याकाळ गेली, मग पट्टीवरच्या रेघा. डॉक्टर म्हणाले, घराण्यातलं आहे, उपाय नाही. घरी येताना ह्यांनी माझा खांदा धरला होता. दारात आल्यावर फक्त एवढंच बोलले, "ताईला सांगायचं नाही. तिचं लहानपण बाबांचा हात धरण्यात गेलं. तिच्या मैत्रिणी खेळायच्या तेव्हा ही बाबांना कचेरीत सोडायला जायची. तिचं लग्नसुद्धा त्यापायी लांबलं. आता उतारवयात तिच्या हातात माझा हात द्यायचा नाही." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? हात तर माझ्याकडेही होता ना.

तेव्हापासून पायऱ्या मी उतरायचे. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. वर येऊन त्यांना आकडा सांगायचा, ते आपल्या भारदस्त आवाजात फोन करायचे, मी वहीत लिहायचे. फोन ठेवला की म्हणायचे, "आज नोकरी कशी झाली माझी?" मी म्हणायचे, "उत्तम. बढती मिळेल." रोजचं ठरलेलं. नऊ वर्षांत आम्हाला त्याचा कंटाळा आला नाही. तुम्हाला वाटत असेल, ही बाई दुःखाचं सांगते आहे. तसं नाही हो. आमची ती वर्षं फार मजेत गेली. ते पडवीत बसून नुसत्या आवाजावरून नदी सांगायचे, "आज चार इंच चढलीय," आणि मी खाली जाऊन बघायचे तर साडेचार. अर्ध्या इंचावरून भांडायचो.

मग छकुलीचं लग्न ठरलं. तुम्ही सहा पत्रं पाठवलीत. मामाशिवाय लग्न कसं, म्हणून. ती पत्रं मीच त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "तू जा. मी आलो तर ताई एका नजरेत ओळखेल. ती चाल तिला पाठ आहे." मी म्हटलं, मग पट्टीचं काय? कंपनीला कळलं तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर घर. म्हणाले, "माझी नोकरी आहे ना? मग मी बघतो."

तुमच्याकडे मी तीन दिवस हसत होते, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही असं सगळ्यांना सांगत होते आणि माझा जीव इथे टांगलेला होता. तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. निघताना म्हणालात, "पट्टी महत्त्वाची, भाची नाही." मी ऐकून घेतलं.

इथे आले तर स्वारी पडवीत पाय पसरून बसलेली, दोन्ही पायांची बोटं सुरकुतलेली. मी वही बघितली आणि कपाळावर हात मारला. हे हसायला लागले. "अगं, सोपं आहे. साखळी धरायची, पायऱ्या मोजत उतरायचं, पाय भिजला की थांबायचं." चढत्या नदीत, सहा वेळा, एकट्यानं. मी जी भांडले, जी भांडले! तीन दिवस बोलले नाही. आणि पुन्हा एक दिवसही त्यांना सोडून कुठे गेले नाही. म्हणून तुमच्याकडे येणं बंद झालं, वन्सं. तुम्हाला वाटलं मी तुमच्या भावाला तोडलं.

बरंबरंला तेव्हापासून माहीत होतं. त्यानं फोनवर विचारलं होतं, फूट-इंच का नाहीत? हे म्हणाले, पट्टीवर गाळ बसलाय. तो बिचारा दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन पट्टी घासायला आला, आणि काठावरून त्यानं तुमच्या भावाला पायानं पाणी चाचपताना बघितलं. सायकल वळवली आणि गेला. एक पायरी नऊ इंचांची, त्यानं गुणाकार करून वर आकडे दिले. सहा वर्षं मलासुद्धा बोलला नाही.

तेव्हा त्यांचं काळीज पायऱ्यांनी थकलं नाही. ते पडवीतच, खुर्चीत, फोन ठेवल्यावर गेले. मी "उत्तम, बढती मिळेल" म्हटलं आणि ते हसले नाहीत, तेव्हा मला कळलं.

तुम्ही मला पायऱ्यांवरून बोललात तेव्हा खरं सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती. पण तुम्ही त्या दिवशी आधीच इतक्या रडत होतात. बाबांचं पुन्हा सगळं तुमच्या पदरात कसं घालू? राग सोपा असतो म्हणून राग राहू दिला.

आता मला घर हवं असेल तर हे सही करून द्यावं लागेल. पण ते कागदावरून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात तर मी सही करणार नाही. किल्ल्या देईन. चौदा तारखेपर्यंत वाट बघते.

तुमची वहिनी


१८ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र तेराला आलं. कशी आहात, बरी आहात का, काही नाही. चार ओळी. मी इथे पुन्हा उतरवून काढते, कारण मला त्या पाठ झाल्यात. "दोघेही मूर्ख. सही कर. कोणाला लाज वाटायला हवी असेल तर मला वाटू दे. शुक्रवारच्या गाडीनं येते, पायऱ्या दाखव."

वाचून मी पडवीत उभ्या उभ्या रडले आणि मग बेडकाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

सही केली. बाईंनी कागद घेतला आणि आम्ही तिघं साहेबांकडे गेलो. साहेब आधी फार तापले. नऊ वर्षं कंपनीला अंधारात ठेवलं, नोकरी एकाची आणि काम दुसरीचं, असं कसं चालेल वगैरे. तेव्हा आपला बरंबरं खुर्चीवरून उठला. म्हणाला, "साहेब, या नऊ वर्षांत आपल्या पंपानं चुकीच्या आकड्यापायी एकदा तरी गाळ ओढला का?" साहेब म्हणाले, नाही. "त्याआधी?" साहेबांनी फाइल पुढे ओढली. त्याआधी दोनदा ओढला होता. वन्सं, ह्यांनी हे ऐकायला हवं होतं. नोकरीत बायको सरस निघाली हे कळल्यावर आठ दिवस फुगून बसले असते!

करवाल्या बाईंनी तिथल्या तिथे निर्णय लिहिला. घर सहानुभूतीचं नाही, कामाचं आहे, आणि काम एक दिवसही थांबलेलं नाही. म्हणून कर नाही. मग पेन टोपणात घालता घालता साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "चौदा महिने या बाई कंपनीचं काम करताहेत, तर त्यांचा पगार कुठल्या रकान्यात दाखवलाय? मला सापडला नाही." साहेबांनी पाणी मागवलं. पोरगी बारीक दिसते, पण काय आहे म्हणून सांगू!

आज नेमणुकीचं पत्र आलं. माझ्या नावाचं, वन्सं. साठीला तीन वर्षं असताना मी नोकरीला लागले. आणि अट बघा, "पट्टीलगतच्या घरातच वास्तव्य करणे बंधनकारक." बंधनकारक! हे वाचून मी इतकी खूश झाले की पत्र छातीशी धरून दोन्ही खोल्यांत फिरून आले.

शुक्रवारी गाडी सव्वाचारला येते. मला सहाला उतरावं लागतं म्हणून मी स्टेशनवर येईन पण तुम्हाला भराभर चालावं लागेल. गुडघ्यांचं मलम आणा. ओल्या पायऱ्यांना धरतील असे बूट आणा. रजई मी धुऊन ठेवली आहे.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

नीट पोचलात ना? घर तुमच्याशिवाय फार शांत वाटतंय. दहा दिवस तुम्ही मला भांडी कुठे ठेवायची ते शिकवलंत, आता मला एकही सापडत नाही.

दोन गोष्टी लिहायच्या होत्या. पहिली ही, की पहिल्या संध्याकाळी पायऱ्यांवर तुम्ही जे बोललात ते मी इथे आल्यागेल्याला सांगत नाही, पण रोज आठवते. "बाबांचा हात धरून जाणं हे ओझं होतं असं त्याला कोणी सांगितलं? रस्ताभर ते मला गोष्टी सांगायचे. मला त्याचाही हात धरायला आवडलं असतं गं." असं म्हणून तुम्ही साखळी धरून बसलात आणि मी तुमच्या शेजारी बसले. किती वेळ बसलो कोण जाणे. त्या दिवशी नोंद सव्वासहाला गेली. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात उशीर, पण बरंबरं काही बोलला नाही.

दुसरी गोष्ट. काल तुमच्या निघायच्या दिवशी संध्याकाळी सहाला मी चहा टाकत होते, तुम्ही म्हणालात, "आज मी उतरते, तू बस." मी म्हटलं, चष्मा घ्या, पट्टी बारीक आहे. तुम्ही चष्मा टेबलावरच ठेवून गेलात. वर आलात तेव्हा बूट आणि मोजे ओले होते. मी विचारलं तर म्हणालात, घसरले. फोनही तुम्हीच केलात, मी आत असताना. मग रात्रीच्या गाडीची घाई झाली आणि मी वही बघितलीच नाही.

आज सकाळी उघडली. शेवटच्या ओळीत तुमचं अक्षर, रेघ सोडून थोडं वर चढलेलं.

"कोरड्या पायऱ्या तेहतीस."

मी लगेच खाली उतरून मोजल्या. एका रात्रीत फरक पडलेला नाही. बरोबर तेहतीस आहेत. म्हणजे डोळे मिटून, भावासारखीच साखळी धरून उतरलात तुम्ही.

मग फोन केला. आकडा सांगितला आणि बरंबरंला विचारलं, "काल पायऱ्यांत सांगितलं तेव्हा काही म्हणाला नाहीस?"

"काय म्हणणार वहिनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, बरं, बरं. मग त्यांनी विचारलं, नोकरी कशी झाली माझी? मी पुन्हा बरं, बरं म्हटलं, तर त्याच म्हणाल्या, उत्तम म्हणायचं असतं."

उत्तम झाली, वन्सं. बढती मिळेल. तुमची चौकट मी पडवीत फोनच्या वर लावली आहे. ह्यांच्या पत्राला लागूनच माझं पत्र त्याच काचेखाली घातलंय, आणि खिळा तुम्ही पाठवलेलाच वापरलाय. मागच्या पुठ्ठ्यावर तुमच्या ओळीखाली जागा आहे. पुढच्या खेपेला याल तेव्हा माझ्याबद्दलही एक ओळ लिहा.

तुमची वहिनी